जुन्या मॅकवर नवी प्रणाली

प्रश्न : माझ्या २०१२ च्या मॅकबुक प्रोवर ओपनकोअर लेगसी पॅचर या, जुन्या मॅकवर नवी प्रणाली बसवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने सोनोमा ही मॅकओएसची आवृत्ती चालते. आलेले अपडेट घ्यावे का?

उत्तर : घ्यावे, पण घाईने नव्हे. अ‍ॅपलने या यंत्राला कॅटालिना या सोनोमाच्या आधीच्या आवृत्तीपर्यंतच अधिकृत पाठबळ दिले असल्यामुळे ग्राफिक्स आणि वाय-फायचे जुने घटक पॅचर प्रणालीच्या मूळ विभागात बसवतो, आणि प्रत्येक अपडेटमध्ये ते पुसले जातात. म्हणून आधी टाइम मशीन या मॅकमधील बॅकअपच्या सोयीने बाह्य डिस्कवर प्रत घ्यावी, पॅचरच्या ताज्या आवृत्तीने ओपनकोअर (यंत्र सुरू होताना प्रणाली चालू करून देणारा प्रोग्राम) पुन्हा बसवून यंत्र पुन्हा सुरू करावे आणि मगच अपडेट घ्यावे. नंतर पडदा अडखळला तर घाबरू नये. पॅचरमधून पॅच, म्हणजे पुसले गेलेले ते जुने घटक, पुन्हा लावावेत. तोवर वाय-फाय चालत नाही, त्यामुळे इथरनेटची केबल जवळ असलेली बरी. स्वयंचलित अपडेट मात्र आजच बंद करावेत.