जठराच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार : वाचकांचे प्रश्न

जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला पातळ आणि गोड देत राहिले की ताकद भरून येते, हा समज या वेळच्या बहुतेक पत्रांतून पुन्हा डोकावला आहे. म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

प्रश्न : वडिलांचे पूर्ण जठर दोन महिन्यांपूर्वी काढले. घरच्या बागेतील द्राक्षांचा रस पेलाभर देतो, पण वीस मिनिटांत त्यांना घाम फुटतो, धडधडते आणि जुलाब होतात. (निफाड)

हा ‘डम्पिंग’चा त्रास आहे. अन्न धरून ठेवून थोडे थोडे पुढे सोडणे हे जठराचे काम. ते नसल्यामुळे रसातील साखर, म्हणजे पेल्यामागे साधारण 30 ग्रॅम, एकदम लहान आतड्यात उतरते आणि शरीरातील पाणी तिकडे ओढले जाते. रस, उसाचा रस, गूळपाणी, ग्लुकोज सारे थांबवा. दिवसातून सहा ते आठ वेळा, आमटीच्या छोट्या वाटीत मावेल एवढेच, मऊ आणि नीट चावलेले अन्न द्या. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी घाम किंवा थरथर होत असेल तर रक्तातील साखर उतरत असण्याची शक्यता असते. ती वेळ लिहून ठेवून सर्जनांना दाखवा.

प्रश्न : जेवताना पाणी प्यावे का? (पंचवटी)

नाही, जेवणाच्या अर्धा तास आधी व नंतर टाळून, मधल्या वेळेत घोट घोट प्यावे.

प्रश्न : मिसळ कधीपासून चालेल? (सिडको)

नाशिककराचा प्रश्न आहे, पण तर्रीचे उत्तर तुमचे सर्जनच देतील.

प्रश्न : आईचे पूर्ण जठर चार वर्षांपूर्वी काढले. बी-12 जीवनसत्त्वाचा रिपोर्ट नॉर्मल आल्याने इंजेक्शने थांबवली. आता तळपायाला मुंग्या येतात. शेजारी म्हणतात, दही-ताक वाढवा. (सिन्नर)

शेजाऱ्यांचे ऐकण्यात आणखी एक आठवडाही घालवू नका. अन्नातील बी-12 शोषले जाण्यासाठी जठराच्या अस्तरात तयार होणारा ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ लागतो; जठरच नसेल तर ताकाचे रांजण रिचवले तरी त्यातील बी-12 पुरेसे अंगी लागणार नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तो इंजेक्शनांमुळे, आणि नेमके तेच कारण दाखवून ती बंद केली जातात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता चीड येते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने घरच्यांना वाटते, काही बिघडले नाही. ज्या घरात अंडी-मासे शिजत नाहीत तेथे हा साठा मुळातच तोकडा असू शकतो. मग एके दिवशी रुग्णाच्या पायातून चप्पल निसटते आणि त्याला ते कळतही नाही. येथवर आलेले मज्जातंतूंचे नुकसान पूर्ण भरून येईलच असे नाही. आणखी एक धोका म्हणजे ‘रक्तवाढीची’ म्हणून स्वतःच्या मनाने घेतलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी : तिने हिमोग्लोबिन सुधारते, पण बी-12अभावी मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. पूर्ण जठर काढलेल्यांना बी-12 जन्मभर लागते. मात्रा आणि प्रकार डॉक्टर ठरवतील. आईंना उद्याच दाखवा, आणि लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांविषयीही तेव्हाच विचारा.

प्रश्न : दुकानदाराने कर्करुग्णांसाठीची म्हणून महागडी प्रोटीन पावडर दिली आहे. वजन दर महिन्याला उतरतेच आहे. (ओझर)

डबा उलटा करून घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली, साखरेसारखीच झटकन पचणारी पूड) असेल तर तुम्ही प्रथिनांच्या भावाने गोड पीठ घेतले आहे आणि त्यानेही डम्पिंग होऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर वजनाच्या किलोमागे साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने रोज लागतात. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम मिळतात, शिवाय पनीर, मऊ शिजवलेली मूगडाळ, वाफवलेला मासा आहेच. सुरुवातीला वजन उतरते हे खरे, पण महिन्यामागून महिने उतरत राहणे ही पावडरीने झाकण्याची गोष्ट नव्हे. पुढच्या तारखेची वाट न पाहता वजनाची वही घेऊन याच आठवड्यात शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जा.