'शासन' तीन विषयांत भेटलं, मी कुठे जाऊ?

प्रश्न: मॅडम, मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि भाषाविज्ञान असे माझे तीन विषय आहेत आणि तिन्हींत शासनाचे सिद्धांत आहेत. राज्यकर्त्यांची आज्ञा का पाळायची, सरकारने कोणती कामं करायची आणि वाक्यात एक शब्द दुसऱ्यावर शासन कसं करतो, या सगळ्याच्या तळाशी एकच सिद्धांत असणार असं मला वाटतं. एम.ए.ला तोच शोधावा असं मनात आहे. पण बाबा म्हणतात, आधी एक विषय ठरव, फॉर्म भरायचे दिवस जवळ आले. शाळेनंतर माझं गणित सुटलंय. काय करू?

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं. बरंचसं इथे गाळलंय, पण त्यातल्या एका गोष्टीवर शेवटी येईन. आधी ज्यावर तुझी दोन वर्षं पणाला लागणार आहेत ते स्पष्ट सांगते. या तिन्हींच्या तळाशी एकच सिद्धांत नाही. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र सख्खे शेजारी आहेत. भाषाविज्ञानातल्या शासनाचं त्यांच्याशी फक्त नामसाधर्म्य आहे. लॅटिनच्या जुन्या व्याकरणकारांनी, नामाला ठरावीक विभक्ती घ्यायला लावणारा शब्द त्या नामावर 'राज्य करतो', असं म्हणायला सुरुवात केली. ते रूपक पुढे परिभाषा होऊन बसलं. आपल्याकडेही पतंजलीच्या महाभाष्याचा आरंभ 'अथ शब्दानुशासनम्' असाच आहे, आणि तिथलं अनुशासन म्हणजे शब्दांविषयीची शिकवण. राजा त्यात कुठेच नाही. नावाच्या सारखेपणावर प्रबंधाचा विषय बेतलास तर पहिल्याच चर्चेत मार्गदर्शक तो मोडीत काढतील, आणि ते बरोबर असतील.

शेजारी कसे, ते एका दीपस्तंभावरून बघ. समुद्रातला दिवा सगळ्याच जहाजांना दिसतो, पैसे न देणाऱ्यालाही. मग तो बांधणार कोण? सरकार, असं अर्थशास्त्राचं नेहमीचं उत्तर. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ साली अशा सार्वजनिक वस्तूंचा विचार गणितात मांडला. पुढे १९७४ मध्ये रोनाल्ड कोस यांनी इतिहास तपासला, तर ब्रिटनमध्ये खासगी लोकांनी बांधलेले दीपस्तंभ निघाले. बंदरात येणाऱ्या जहाजांकडून त्यांचं शुल्क वसूल होई. मात्र ते वसूल करण्याचा हक्क राजसत्तेकडूनच मिळालेला असे! हा हक्क देणारी सत्ता कुठून येते आणि लोक ती का मानतात, हे विचारलंस की तू राज्यशास्त्रात पाऊल ठेवलंस. इंग्लंडमध्ये यादवी पेटलेली असताना तत्त्वज्ञ हॉब्जने याच प्रश्नाला हात घातला आणि १६५१ साली 'लेव्हायथन' या ग्रंथात उत्तर दिलं की भीती आणि अराजक टाळण्यासाठी. लॉकने लोकांच्या संमतीवर बोट ठेवलं, तर माँतेस्क्यूने १७४८ मध्ये सत्ता विभागून ठेवायला सांगितलं.

या दोन विषयांमधली वाट खरोखर रुळलेली आहे. सरकार चालवणारी माणसंही स्वतःचा फायदा-तोटा बघतात, हे धरून ब्युकॅनन आणि टलॉक यांनी १९६२ मध्ये घटनेचा विचार अर्थशास्त्राच्या हत्यारांनी केला. उलट बाजूने एलिनॉर ऑस्ट्रॉम आल्या. त्यांची डॉक्टरेट राज्यशास्त्रातली, आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. स्वित्झर्लंडमधली गावकुरणं, स्पेनमधले पाटाच्या पाण्याचे वाटप-नियम असं बघून, लोक आपले नियम आपण कसे करतात आणि ते मोडणाऱ्याला कसं आवरतात, हे त्यांनी दाखवलं. 'सरकार की बाजार' एवढ्यावरच तुझा जीव अडकला असेल तर ऑस्ट्रॉमपासून सुरुवात कर.

आता भाषाविज्ञान. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे. 'मुलगा' हा शब्द एकटा असताना मुलगा असतो. 'ला' आला की त्याचं सामान्यरूप होतं, मुला. हे तू लिहिलंसच. आता एक पायरी पुढे जा. 'शहाणा मुलगा' म्हण, मग 'शहाण्या मुलाला'. 'ला' चिकटलाय मुलाला, तरी विशेषणही वाकलं. आणि आता हे वाक्य घे: 'त्या मुलाला मी शहाणा समजत होते.' तोच 'ला', तोच मुलगा, विशेषणही तेच. पण शहाणा ताठ उभा! म्हणजे प्रत्ययाचा अंमल कुठवर चालतो हे शब्द मोजून कळत नाही, वाक्याच्या बांधणीत कोण कुणाच्या घरात आहे त्यावर ते ठरतं. 'शहाण्या मुलाला'मध्ये विशेषण नामाच्या घरातलं आहे, नंतरच्या वाक्यात घराबाहेरचं. भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी १९७९ मध्ये पिसा इथे दिलेल्या व्याख्यानांतून जे उभं राहिलं आणि १९८१ मध्ये 'लेक्चर्स ऑन गव्हर्नमेंट अँड बाइंडिंग' (शासन आणि बंधन) या नावाने प्रसिद्ध झालं, त्याचा गाभा हाच: अंमल कुणाचा, कुणावर आणि कोणत्या हद्दीत. बंधनाचा, म्हणजे सर्वनाम वाक्यातल्या कुणाकडे बोट दाखवतं याचा, भागही तसाच. 'तिने स्वतःला आरशात पाहिलं' आणि 'तिने तिला आरशात पाहिलं' यांतली दुसऱ्या वाक्यातली 'ती' वेगळी बाई आहे, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

पण एक सावध सूचना. चॉम्स्की यांनी स्वतःच १९९० च्या दशकात 'शासन' ही संकल्पना बाजूला ठेवली. ज्या वाक्यांचं कोडं होतं ती वाक्यं राहिली, त्यांचं स्पष्टीकरण बदललं. म्हणून सिद्धांताच्या नावाच्या प्रेमात पडून प्रवेश घेऊ नकोस. कोडं आवडत असेल तर घे.

विषय निवडताना, तो रोज तुझ्याकडून काय करून घेणार हेही विचार. राज्यशास्त्र जुने ग्रंथ सावकाश वाचायला लावतं, राज्यघटना शेजारी ठेवून ताडायला लावतं. अर्थशास्त्र पदव्युत्तर पातळीवर कलन आणि संख्याशास्त्राशिवाय पुढे सरकत नाही. तुझं सुटलेलं गणित हा कायमचा अडसर नाही, पण वर्षभर नेटाने बसावं लागेल, आणि त्यासाठी विषयाची तेवढी ओढ हवी. भाषाविज्ञानात दिवस जातो तो वाक्यं गोळा करण्यात, बोलणाऱ्याला विचारण्यात, आणि आपलाच नियम मोडणारं वाक्य शोधण्यात.

आता तुझ्या पत्राकडे येते. दोन पानी पत्रात राज्यशास्त्राला तीन ओळी आहेत, अर्थशास्त्राला पाच. बाकी सगळं पत्र 'मुलगा'चा 'मुला' का होतो, 'पाणी'चं 'पाण्या' का आणि 'शाळा'चं 'शाळे' का, यावर आहे. पानाच्या कडेच्या समासात खोडून पुन्हा लिहिलेली उदाहरणंही आहेत. मला वाटतं तुझा विषय तिथेच आहे, मात्र माझ्या शब्दावर फॉर्म भरू नकोस.

बाबांची काळजी रास्त आहे. निव्वळ वाक्यरचनेवर संशोधन करण्याच्या जागा थोड्या असतात. पण कोशकार्य, भाषांचं दस्तऐवजीकरण, भाषाशिक्षण आणि भाषा हाताळणारं संगणकीय काम ही क्षेत्रं खरी आहेत. शेवटच्यासाठी प्रोग्रामिंग शिकावं लागेल, ते एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून सुरू कर. बाबांना एवढं स्पष्ट सांगितलंस तर बोलणं सोपं जाईल.

फॉर्मला अजून थोडे दिवस आहेत, त्यांतले पंधरा मला दे. एक वही कर. 'शहाण्या मुलाला' आणि 'मुलाला शहाणा' अशा वीस जोड्या जमव. 'समजणे' सोडून दुसरी क्रियापदं घे. 'मानणे', 'करणे', 'ठरवणे' घेऊन बघ. पाच जणांना विचार, कोण काय म्हणतं ते शब्दशः टिपून ठेव, आणि जिथे त्यांचं एकमत होत नाही तिथे खूण कर. सोबत हॉब्जची निदान दोन प्रकरणं वाच. दीपस्तंभाचं आकडेवारीचं उदाहरण एखाद्या पाठ्यपुस्तकातून हाताने सोडव. पंधराव्या दिवशी तिन्ही कामं समोर ठेव आणि वहीची कुठली पानं न सांगता भरली, ते मला कळव. खुणा केलेली वाक्यं मात्र जरूर पाठव, मला ती वाचायची आहेत.