रहस्य-फॅन्टसी कादंबरीत भविष्यवाणी पहिल्याच प्रकरणात सांगितली तर सस्पेन्स संपतो का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात भाकीत येतं, राजा स्वतःच्या मुलाच्या हातून मरणार, पुढे सूड आहे, एक जुनं गुपित आहे, आणि वाचलेले मित्र म्हणतात की शेवट आधीच कळला मग पुढे वाचायचं कशाला, तर भविष्यवाणी काढून टाकू का.

काढू नका. मी गेली बरीच वर्षं या प्रकारच्या गोष्टी वाचतोय आणि लिहायचा प्रयत्नही करतोय, आणि माझं ठाम मत आहे की भविष्यवाणी सस्पेन्स मारत नाही. तुमच्या मित्रांना शेवट कळला कारण त्या वाक्याचा एकच अर्थ निघतो आणि तोच खरा ठरतो. दुरुस्ती तिथे करायची आहे.

जयद्रथाची गोष्ट घ्या. तेराव्या दिवशी अभिमन्यू पडतो आणि अर्जुन प्रतिज्ञा करतो की उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. म्हणजे काय होणार हे जाहीर आहे. तरी चौदाव्या दिवसाचं वर्णन आजही श्वास रोखून ऐकलं जातं, कारण आपण "कसं" आणि "कितीला पडणार" याची वाट बघत असतो. आणि खरी गाठ पुढेच आहे. जयद्रथ जन्मला तेव्हा आकाशवाणी झालेली असते की याचं डोकं रणात उडवलं जाईल, म्हणून त्याचा बाप वृद्धक्षत्र शाप देऊन ठेवतो की जो कोणी माझ्या मुलाचं डोकं जमिनीवर पाडेल त्याच्या डोक्याचे शंभर तुकडे होतील. कृष्णाला हे माहीत असतं. अर्जुन बाणांनी ते डोकं थेट दूर संध्येला बसलेल्या बापाच्या मांडीवर नेऊन टाकतो, बाप उठतो, डोकं जमिनीवर पडतं, आणि शाप ज्याने दिला त्यालाच लागतो. भाकीत, गुपित, सूड, तिन्ही एकाच क्षणात, आणि शापातला एक शब्दही न बदलता. फक्त एक आहे, तिथे शापाची माहिती ऐन वेळी सांगितली जाते, ते महाकाव्यात चालतं, आज रहस्यकथा म्हणून लिहिताना ती आधी कुठेतरी पेरलेली असायलाच हवी, नाहीतर वाचक म्हणेल की हे आत्ता सुचलं.

तर पहिलं काम म्हणजे वाक्यावर बसा. भविष्यवाणी शब्दशः खरी ठरली पाहिजे आणि चूक ऐकणाऱ्याच्या समजण्यात असली पाहिजे. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलेली क्रीससची हकीकत याचा उत्तम नमुना आहे. लिडियाचा (आजच्या तुर्कस्तानातला भाग) हा राजा ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळात कौल मागतो, इराणवर चाल करू का, उत्तर येतं की केलीस तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल. तो खूष होऊन सीमेवरची हॅलिस नदी ओलांडतो आणि नष्ट होतं ते त्याचंच राज्य. नंतर तो तक्रार करतो तेव्हा त्याला सांगितलं जातं की कोणाचं साम्राज्य हे तू विचारायला हवं होतंस. माणूस जे ऐकायला आतुर असतो तेच ऐकतो, हे त्यात फार खोल आहे.

आणि मराठीत लिहिणाऱ्याकडे तर यासाठी एक अफाट शब्द आहे, "आपला". जरा थांबून बघा. आपला म्हणजे स्वतःचा. आपला म्हणजे तुझा-माझा, दोघांचा. आणि आदराने बोलताना आपला म्हणजे तुमचा. हे मला एका गोष्टीवर काम करताना लक्षात आलं आणि मी अख्खा प्लॉट त्या शब्दावर उभा केला, तो थोडक्यात सांगतो कारण तुमच्या कादंबरीला जवळचा आहे.

राणीला मुलगा झालाय. पोक्त दाई बाहेर येते, तिच्या अंगात येतं अशी तिची ख्याती आहे. दारात सेनापती उभा आहे, त्याच्यामागे अंधारात राजा. दाई सेनापतीकडे बघून म्हणते, "महाराज जातील ते आपल्याच मुलाच्या हातून." राजा ऐकतो ते स्वतःच्या मुलाच्या. सेनापतीचा हात चौकटीवर जातो, बोटं पांढरी पडतात, आणि सगळ्यांना वाटतं की धन्यासाठी घाबरला. राजा त्याच रात्री तान्हं बाळ तबेल्यातल्या एका दहा वर्षांच्या पोराच्या हातात देतो, रानात नेऊन संपव म्हणून. पोरगा ते करत नाही, बाळ कोणाकडे तरी सोडून परत येतो, आणि खोटं पकडलं जातं तेव्हा त्याचा उजवा हात तोडला जातो. पुढे तीनशे पानं वाचक त्या राजपुत्राची वाट बघतो, तो मोठा होऊन येतो, बापासमोर तलवार घेऊन उभा राहतो आणि मारत नाही. मारतो तो डाव्या हाताने खोगीर बांधणारा तबेल्यातला माणूस, जो पहिल्या प्रकरणापासून समोर आहे. तो दाईचा आणि सेनापतीचा मुलगा. दाई त्या रात्री सेनापतीला सांगत होती, आपल्या, म्हणजे तुझ्या-माझ्या.

आता यात पेरणी कुठे केली ते महत्त्वाचं. दाई रोज स्वतःच्या पानातलं अर्धं काढून तबेल्यात पाठवते. सेनापती घोडा घ्यायला येतो तेव्हा त्या पोराकडे कधीच बघत नाही, लगाम घेताना पण नाही. आणि तिसऱ्या प्रकरणात एका साध्याच प्रसंगात कोणीतरी "आपला घोडा" म्हणतं आणि दोन माणसं भांडतात की नक्की कोणाचा. बस, एवढंच. वाचकाच्या कानावर तो शब्द तिन्ही अर्थांनी जाऊन गेला पाहिजे, त्याने लक्ष दिलं नाही हा मग त्याचा प्रश्न. गुप्तहेरकथांसाठी रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने 1929 साली दहा नियम मांडले त्यात अलौकिक शक्तीला सरळ बंदी होती. आपण फॅन्टसी लिहितो म्हणून ती बंदी पाळू शकत नाही, पण तिच्यामागचं कारण पाळायचं, उलगडा ज्यावर टेकतो ते सगळं वाचकाला उलगड्याच्या आधी मिळालेलं असावं. जादू असली तर तिची हद्दही आधी दिसू दे.

दुसरी गोष्ट, ही एक चाचणी करा. भविष्यवाणी कोणी उच्चारलीच नसती तरी राजा मेला असता का? उत्तर हो असेल तर ती नुसती सजावट आहे, मग खरंच काढून टाका. कंसाचं बघा, देवकीच्या लग्नानंतर तो स्वतः प्रेमाने तिचा रथ हाकत असतो, आकाशवाणी होते आणि त्या क्षणापासून तो जे जे करतो त्यानेच आठवा त्याचा वैरी म्हणून वाढतो. माझ्या गोष्टीतही राजाने हात तोडला नसता तर मारेकरी तयारच झाला नसता. टाळायची धडपडच घडवून आणते, हे जमलं की वाचक शेवट माहीत असूनही सोडत नाही.

सुडाबद्दल एकच सांगतो. ज्याच्यावर सूड उगवायचाय त्याला ते माहीत असू द्या. द्रुपदाने यज्ञ करून धृष्टद्युम्न मिळवला तो द्रोणाला मारण्यासाठीच, हे द्रोणाला माहीत होतं, आणि तरी त्याने त्या मुलाला अस्त्रविद्या शिकवली. गुरू रोज सकाळी आपल्या मारेकऱ्याचा नेम सुधारतोय, हा प्रसंग मला कुठल्याही लढाईपेक्षा जास्त हलवतो. तुमचा राजा आणि मुलगा एकमेकांना ओळखून एका घरात काही दिवस राहिले तर काय होईल, हे लिहून बघा.

गुपिताच्या बाबतीत मी स्वतः मोठी चूक केलेली आहे ती तुम्ही करू नका. माझी एक गोष्ट प्रथमपुरुषी होती, सांगणारी बाईच सूड घेणारी, आणि तिला खुनी कोण हे पहिल्या दिवसापासून माहीत, पण मी ते शेवटच्या पानापर्यंत दाबून ठेवलं, मला वाटलं केवढा ट्विस्ट आहे. वाचून एक मैत्रीण म्हणाली, "ती मनातल्या मनात एवढं बोलते, मग नेमकं हेच तेवढं का बोलत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्या डोक्यात आपण वाचकाला बसवलंय त्याला माहीत असलेलं वाचकापासून लपवलं की ती फसवणूक वाटते. त्यापेक्षा गुपित वाचकाला सांगून टाका आणि पात्रांपासून लपवा. कर्ण कोणाचा मुलगा हे आपल्याला माहीत असतं, कर्णालाही युद्धाआधी कळतं, अर्जुनाला नाही, म्हणून तर ती लढाई बघवत नाही. मी आता वहीत प्रत्येक प्रकरणाला एक पान ठेवतो आणि कोणाला काय माहीत आहे एवढंच लिहितो, अर्धे घोळ तिथेच सापडतात.

तर आत्ता फक्त पहिलं प्रकरण उघडा आणि भाकिताचं ते एक वाक्य दहा-बारा वेगवेगळ्या प्रकारे लिहून काढा, मोठ्याने वाचा, आणि ज्या मित्रांनी आधी वाचलेलं नाही अशा कोणालातरी ऐकवून विचारा की याचा अर्थ काय समजलास. त्याने चुकीचा अर्थ अगदी खात्रीने सांगितला की ते वाक्य ठेवा.