आजीला माझं नाव आठवत नाही, मग ओव्या तोंडपाठ कशा?

तुम्ही विचारलंय की आजीला नातवंडांची नावं आठवत नाहीत, सकाळी जेवल्याचं दुपारी आठवत नाही, तरी जात्यावरच्या ओव्या मात्र एकामागून एक म्हणते. हे कसं? आणि ओव्या ऐकवत राहिलं तर बाकीचं परत येईल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आणि कडू आहे: नाही येणार. पहिल्यावर मात्र बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

मी परभणीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मेंदूची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. माझी आजी सोनपेठ तालुक्यातली. तिचं विसरणं वाढलं तेव्हा मी मोबाईल पुढं धरून म्हटलं, "आज्जी, ओव्या म्हण की." तर म्हणे, "मला कुठल्या येतेत बाई? म्या काय शाळा शिकले का?" चार दिवस हेच. शेवटी आईनं सांदीतलं जातं बाहेर काढलं, धुतलं आणि सूपभर ज्वारी घेऊन तिच्यापुढं मांडलं. आजीनं एक पाय पसरला, दुसरा मुडपला, खुंट्याला हात घातला, जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारीची वैरण टाकली. पाळू चार-दोन वेढे फिरली, घरघर एका लयीत आली आणि "पहिली माझी ओवी" सुरू झालं. मग दुसरी, तिसरी. सातवीपर्यंत अडखळली नाही.

एका ओवीत भाऊ परळीच्या बाजारातून लुगडं घेऊन येतो. तिथं भावाचं नाव घ्यावं लागतं. तिनं घेतलं. माझे हे मामाआजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यांचं नाव विचारलं की ती नुसती बघत राहायची. ओवी संपल्यावर मी लगेच विचारलं, "आज्जी, भावाचं नाव काय तुझ्या?" पुन्हा तेच बघणं. उलट मधेच बोलल्यामुळं तिचा धागा तुटला आणि तिनं पुन्हा पहिल्या ओवीपासून सुरुवात केली. आईनं डोळे वटारले, ते बरोबरच होतं.

आता मेंदूचं. आठवणींचं एकच कोठार नसतं. पूर्वी घरात ज्वारी पेवात असायची, कणगीत असायची, रोजच्या दळणापुरती डब्यात असायची. पेवात पाणी शिरलं म्हणून कणगी भिजत नाही. काल काय झालं, कोण भेटलं हे नव्यानं साठवायला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लागतो. कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक. अल्झायमर या विसरण्याच्या आजाराची पडझड सहसा त्याच्या आसपासच सुरू होते. हाताला बसलेली सवय मात्र मेंदूच्या खोल भागातले पेशींचे पुंजके आणि मागचा लहान मेंदू सांभाळतात.

हे कळलं हेन्री मोलायसन या अमेरिकन माणसामुळं. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 मध्ये त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला. त्यानंतर त्याला नवं काही लक्षात राहीना. ब्रेन्डा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, पण आपण हे आधी कधी केलंय हे त्याला दर वेळी नवंच. हाताला माहीत, त्याला स्वतःला नाही. ब्रिटनमधले संगीतकार क्लाइव्ह वेअरिंग यांचंही तसंच. 1985 मध्ये मेंदूला विषाणूचा संसर्ग झाला, आठवण काही सेकंदांपलीकडं टिकेना, पण पियानोवर बसवलं की बोटं चालायची.

गाण्याला याहून आणखी एक आधार दिसतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना जुनी ओळखीची गाणी ऐकवून मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते पाहिलं, आणि अल्झायमरच्या रुग्णांमध्ये त्या भागाचं काय होतं ते तपासलं. तिथं अमायलॉइडचा, म्हणजे या आजारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा, गाळ साचलेला होताच, पण झीज इतर भागांच्या मानानं बरीच कमी होती.

तरी सगळं श्रेय मेंदूला देऊ नका, थोडं ओवीच्या बांधणीलाही द्या. नाव एकाच खुंटीला टांगलेलं असतं. खुंटी निखळली की गेलं. ओवीला लय आहे, यमक आहे, "पहिली, दुसरी" अशी मोजणी आहे, जात्याचा वेढा आहे. एक विसरलं तर दुसरं ओढून आणतं. शिवाय ती शब्दाला शब्द पाठ नसते, तो साचा असतो, भरायचं ज्याचं त्यानं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. त्यात आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात 1996 मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. साचा पिढ्यान्पिढ्यांचा, आत बाबासाहेब. त्यामुळं तुमची आजी एखादी ओवी दर वेळी वेगळी म्हणत असेल तर "चुकलं" म्हणू नका. ती तशीच म्हणायची असते.

गाण्यानं काय होतं, तर मन शांत होतं, उदासी थोडी हटते. एवढंच, पण संध्याकाळी दिवस मावळताना ज्यांची घालमेल सुरू होते त्यांच्या घरच्यांना विचारा, एवढं म्हणजे किती ते. स्मरणशक्ती मात्र त्यानं सुधारत नाही. आठवण परत आणतो म्हणून कुणी गाण्यांचा कोर्स विकत असेल तर पैसे आपल्याजवळच ठेवा. आणि अजून दाखवलं नसेल तर डॉक्टरांकडं न्या. आम्हाला आधी एकानं "वय झालं की असंच" म्हणून परत पाठवलं, त्यात वर्ष गेलं. बी-12 जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉईड यांनीही विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे.

रेकॉर्ड करायचं असेल तर सकाळी करा. मोबाईल डब्याआड ठेवा, "मला ओळखलंस का?" अशी परीक्षा घेऊ नका. जातं नसेल तर नुसतं सूप हातात दिलं तरी चालून जातं असा माझा अनुभव. आमच्याकडं आता आठवड्यातून दोनदा दळण चालतं. पीठ इतकं भरड निघतं की भाकरी थापता येत नाही. शेळी खाते. परवा मी शेजारी बसून ऐकत होते तर आजी म्हणाली, "कुणाची गं तू? बसलीस तर वैरण तरी घाल."