पूर्वी हे नव्हतंच का?

प्रश्न : सासूबाई म्हणतात, "आमच्या काळी बायकामुलांवर असले अत्याचार होत नव्हते." खरंच आता वाढलेत, की तेव्हा कुणी बोलत नव्हतं? निदान डॉक्टरांना तरी कळत असेल ना?

उत्तर : कळत होतं, आणि मला राग येतो तो त्याचाच. मी अनेक वर्षं क्ष-किरण विभागात लहान मुलांची हाडं पाहिली. मोडलेलं हाड जुळताना त्याभोवती नवं हाड धरतं, त्यावरून इजा साधारण किती जुनी ते सांगता येतं. तान्ह्या बाळाच्या एकाच फिल्मवर एक बरगडी ताजी मोडलेली, दुसरी जुळत आलेली, आणि कागदावर कारण एवढंच : पलंगावरून पडलं. एकदा पडून असं होत नाही.

हे ज्ञान नवं नाही. पॅरिसचे न्यायवैद्यक तज्ज्ञ आंब्रुआज तार्द्यू यांनी १८६० मध्येच मुलांच्या छळाची प्रकरणं छापली. छळ करणारे बहुतेक आईवडीलच होते. वैद्यकाने तिकडे पाठ फिरवली. १९४६ मध्ये अमेरिकेत मुलांचे क्ष-किरण तज्ज्ञ जॉन कॅफी यांनी मेंदूभोवती रक्तस्राव झालेली सहा बाळं तपासली, तर त्यांच्या लांब हाडांत मिळून २३ अस्थिभंग! एका बाळाबाबत त्यांना मुद्दाम मारल्याची शंका आली, पण पुरावा अपुरा म्हणून ती तिथेच राहिली. शेवटी १९६२ मध्ये अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी अशा इजांना 'बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम', म्हणजे मारहाण झालेल्या मुलात दिसणारी लक्षणं, हे नाव दिलं. आईबाप असं करतील यावर डॉक्टरांचाच विश्वास बसत नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्यानंतर पाचेक वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत अशी शंका कळवण्याचे कायदे झाले. तार्द्यूपासून इथवर शंभर वर्षं गेली, आणि त्या काळात मुलं मार खात होतीच.

बायकांच्या बाबतीत तर कायद्यानेच तोंड बंद केलं होतं. नवरा बायकोवर बलात्कार करूच शकत नाही, हे इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल यांचं मत १७३६ मध्ये छापलं गेलं आणि इंग्लंडमध्ये ते १९९१ पर्यंत चाललं. जो गुन्हाच नाही, त्याची तक्रार बाईने कुठे करायची? संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या स्त्रियांविषयीच्या करारातसुद्धा कौटुंबिक हिंसेवर स्वतंत्र कलम नव्हतं. हिंसा हाही भेदभावच, असं त्या कराराच्या समितीने १९९२ मध्ये स्पष्ट केलं.

त्यामुळे जुन्या आणि आजच्या नोंदींचे आकडे शेजारी ठेवून "वाढलं" म्हणता येत नाही. नोंदवायला जागा झाली की नोंदी वाढणारच.

सासूबाईंशी वाद घालू नका. "अमक्याच्या घरी एकटी जाऊ नकोस," असं लहानपणी त्यांना कुणी बजावलं होतं का, एवढंच विचारा. माझ्या अनुभवात बहुतेक बायकांना असं एक नाव आठवतं. त्या बोलू लागल्या, तर "तेव्हाच का नाही सांगितलं?" असं मात्र विचारू नका.