वाचकांचे प्रश्न : पहिली नगरे पंचगंगेकाठी का उभी राहिली नाहीत?

प्रश्न : आमची जमीन नदीकाठच्या मळीची आहे. पूर ओसरला की गाळ राहतो आणि त्यावर पीक जोमदार येते. सुपीक नदीखोऱ्यांत धान्य उरू लागले आणि त्यातून पहिल्या संस्कृती उदयाला आल्या, असे आम्ही शाळेत शिकलो. मग युफ्रेटिस, नाईल आणि सिंधू यांच्या काठी जे घडले, ते पंचगंगेच्या काठी का घडले नाही?
– एक वाचक, प्रयाग चिखली (ता. करवीर)

उत्तर : शाळेत शिकलात ते खोटे नाही, पण अपुरे आहे. केवळ सुपीकतेने नगरे उभी राहत असती, तर पश्चिम आशियात गहू आणि सातू यांची शेती स्थिरावल्यानंतर पहिल्या नगरांसाठी सुमारे पाच हजार वर्षे वाट पाहावी लागली नसती. तेथे इ. स. पू. ८५००च्या आसपास लोक ही धान्ये पेरून पिकवत होते. दक्षिण इराकमधील उरुक हे नगर मात्र इ. स. पू. चौथ्या सहस्रकात नावारूपाला आले आणि त्या सहस्रकाच्या अखेरीस सुमारे २५० हेक्टरांवर पसरले. मधल्या काळात धान्य होते, गावे होती, घरांत साठवणही होती, पण नगर नव्हते.

उरुकचा परिसर आपल्या करवीर तालुक्यासारखा मुळीच नाही. तेथे वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. त्यातून नदीचा पूर येतो तो चैत्र-वैशाखात, म्हणजे नेमके पीक कापणीला आलेले असताना, आणि पेरणीच्या वेळी मात्र नदी आटलेली असते. म्हणून आधी बांध घालून पीक वाचवायचे आणि नंतर पाट काढून पाणी न्यायचे, अशी दुहेरी कामे करावी लागत. पाट एकट्या कुटुंबाचा राहत नाही. तो कोणी उपसायचा, पाणी आधी कोणाला द्यायचे, हे ठरवावेच लागते. (पाणीपुरवठा संस्थेच्या सभेला बसलेल्यांना हे अधिक सांगायला नको.) शिवाय त्या गाळाच्या सपाट प्रदेशात दगड नाही, बांधकामाचे लाकूड नाही, तांबेही नाही, हे सगळे दुरून आणायचे, तर बदल्यात द्यायला धान्य आणि लोकर साठवलेली हवी. साठवले की मोजणे आले, आणि मोजणाऱ्याला गावकीत निराळे वजन आले.

हे मोजमाप किती जवळून दिसते पाहा. उरुकला इ. स. पू. ३३००च्या सुमारास तळहातावर मावतील अशा मातीच्या पाट्यांवर बोरूने खुणा करण्यास सुरुवात झाली आणि लेखनाचा उगम बहुधा तेथे झाला. त्या पाट्यांवर देवांची स्तोत्रे असतील, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेकांवर सातू, बियर, मेंढ्या आणि मजूर यांचे हिशेब आहेत. उसाची गाडी काट्यावर चढवल्यानंतर हातात पडणाऱ्या पावतीशी त्यांचे नाते काव्यापेक्षा जवळचे आहे. याच थरांत साच्यातून काढलेली, तिरप्या काठाची ओबडधोबड वाडगी हजारोंनी सापडतात. मजुरांना शिधा वाटण्यासाठी ती वापरत असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि त्याला एक आधारही आहे : लिपीत ‘शिधा’ या अर्थाचे जे चिन्ह आहे, त्यात माणसाचे डोके आणि त्याच्या तोंडाशी धरलेले वाडगे आहे.

आता पंचगंगेकडे येऊ. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती जेथून येतात त्या सह्याद्रीच्या अंगाला गगनबावड्यासारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. ज्या प्रदेशात पाणी आभाळातून मिळते, तेथे पाटाच्या एकाच तोंडाशी लोकांनी दाटीने राहण्याचे कारण उरत नाही. आपली काळी जमीन कसदार आहे, पण ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी. लोखंडी अवजारे येण्यापूर्वी ती मोठ्या प्रमाणावर लागवडीखाली आणणे कठीण होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दख्खनमध्ये शेती आणि पशुपालनही उशिरा स्थिरावले. आपल्या पूर्वेला, उत्तर कर्नाटकात, गाईगुरे पाळणाऱ्यांनी जाळलेल्या शेणाच्या राखेचे जे प्रचंड ढिगारे आहेत, त्यांची सुरुवात इ. स. पू. ३०००च्या सुमाराची, म्हणजे उरुक भरात असतानाची आहे.

तरीही महाराष्ट्र त्या काळी ओस होता, असे समजू नये. शिरूर तालुक्यात घोड नदीवर असलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८पासून अनेक वर्षे केले, आणि इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे अख्खे गाव उजेडात आले. तेथे पाट आणि बांध होता, कणगी ठेवण्याचे गोल ओटे होते, धान्याची पेवे होती, आणि पाच खोल्यांचे एक मोठे घर होते, ज्याच्या शेजारी गावाचे कोठार असावे, असे उत्खननकर्त्यांना वाटते. उरुकला जे घडले त्याचे बीज येथेही होते, असे माझे मत आहे. फरक इतकाच की इनामगावात ते एका गावापुरते राहिले. इ. स. पू. १०००नंतर हवामान कोरडे होत गेले तशी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शेतीपेक्षा गुरांवर अधिक विसंबू लागले, असे उत्खननकर्त्यांनी मांडले आहे.

पंचगंगेकाठी नगर झाले, पण फार नंतर, सातवाहनांच्या काळात. कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले; त्या टेकाडातूनच मिळालेला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा छोटा कांस्य पुतळा टाउन हॉलमधील संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यावर, समुद्राचा देव पोहोचला तो रोमन व्यापारामुळे. शाळांच्या सहली त्याच्यासमोरून धावत पुढे जातात; आपण मात्र जरा थांबून पाहावा.

प्रश्न : शेतीचा शोध ही प्रगतीच म्हणायची ना?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : ज्यांनी पहिली शेती केली त्यांच्या हाडांना विचारल्यास उत्तर सरळ येत नाही. अनेक प्रदेशांत शेती आल्यावर माणसांची उंची घटल्याचे, दात अधिक किडल्याचे आणि दाटीने राहिल्यामुळे रोग वाढल्याचे सांगाड्यांवरून दिसते. उलट बाजूही आहे : स्थिर वस्तीत मुले अधिक झाली, आणि लोकसंख्या शिकाऱ्यांची नव्हे तर शेतकऱ्यांची वाढली.

उत्तर सीरियातील अबू हुरेरा या वस्तीत सापडलेल्या सांगाड्यांपैकी विशेषतः स्त्रियांच्या पायाच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर ताण पडल्याच्या खुणा असलेले आणि कमरेचे मणके बिघडलेले आढळले. पाट्यासारख्या दगडापुढे गुडघे टेकून, पायाची बोटे मागे दुमडून, दररोज कित्येक तास धान्य भरडल्याचा तो परिणाम आहे, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. बसून फिरवायचे जाते तेव्हा नव्हते. ते हजारो वर्षांनी आले. या वस्तीचे उत्खननही घाईने, १९७२-७३मध्ये, करावे लागले, कारण युफ्रेटिसवर धरण होत होते. आज ती जागा त्याच्या जलाशयाखाली आहे.