आज पाणी किती फुटांवर?

"मॅडम, तसं बघायला गेलं तर काही कमी नाही. पण मनाला शांतता नाही."

हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. बोलणारा माणूस बहुतेक वेळा पंचेचाळिशी ओलांडलेला. घराचे हप्ते फिटलेले, मुलं मार्गाला लागलेली, आणि नुकतंच कुठल्या तरी लग्नात नाहीतर शाळेच्या ग्रुपवर जुन्या सोबत्याचं काहीतरी कळलेलं. पुढचा प्रश्नही ठरलेला: "समाधानी कसं राहायचं, तेवढं सांगा."

तेवढं सांगता आलं असतं तर मी इतकी वर्षं भाड्याची खोली कशाला चालवली असती! त्यापेक्षा अशोकरावांबद्दल सांगते. नाव खरं नाही, ओळख पटेल अशा खुणा बदलल्यात आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलंय. "लिहा की. फक्त बँकेचं नाव नको," म्हणाले.

वय ५३. सांगलीतल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क. हल्ली क्लार्कला कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. नाव बदललं, काउंटर तोच. पहिल्यांदा आले ते बायकोबरोबर, आणि बोलल्या त्याच. रात्री तीनला उठून बसतात, टीव्ही आवाज बंद करून बघतात, जेवताना अर्ध्यातून उठतात. आधी मी त्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. साखर, थायरॉईड, रक्तदाब सगळं ठीक निघालं. नैराश्य मोजायला आम्ही नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतो, एकूण गुण २७. त्यांना पडले ११, म्हणजे मध्यम. शेवटचा प्रश्न असतो जगू नये असं वाटतं का याचा. त्याचं उत्तर 'नाही' होतं. 'होय' असतं तर त्यांना आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. हे वाचताना कुणाचं उत्तर 'होय' येत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

वहिनी बाहेर जाऊन बसल्यावर फेट्याची गोष्ट निघाली.

दीड महिन्यापूर्वी कोल्हापुरात पुतण्याचं लग्न होतं. निवेदकानं माइकवरून पुकारलं, "आपल्या कुटुंबाची शान, बँकेचे डेप्युटी जनरल मॅनेजर दिलीपराव!" शाल, श्रीफळ, टाळ्या. दिलीप म्हणजे अशोकरावांचा मावसभाऊ. दोघं १९९३ मध्ये बीएसआरबीच्या, म्हणजे तेव्हाच्या बँक भरती मंडळाच्या, एकाच परीक्षेतून, एकाच बँकेत लागले. पाहुण्यांना फेटे बांधायला सुरुवात झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आधी साहेबांना बांधा." फेटेवाला रांगेनं बांधत अशोकरावांपाशी आला आणि त्याचं कापड संपलं.

"संपलं म्हणजे खरंच संपलं होतं, मॅडम. मी पिशवीत डोकावून बघितलं." हे सांगताना त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या बाजूला नेले, फेटा सारखा करावा तसे, आणि लक्षात आल्यावर खाली घेतले.

अंबानींच्या घरच्या लग्नाचे फोटो बघून अशोकरावांची झोप उडाली नव्हती. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडून ठेवलंय की माणूस स्वतःला मोजतो ते आपल्यासारख्यांशी. शेजारच्या बाकावरचा, त्याच बॅचचा, मावशीचा. तिथं सबबी संपतात. दोघांची परीक्षा एक, डबा एक, कधीकधी शर्टही एकच. मग तो तिथं आणि मी इथं का?

त्रास किती होतो ते शून्य ते दहामध्ये सांगा, असं मी सगळ्यांनाच विचारते. ते म्हणाले, "दहात नको. फुटात सांगतो."

बाहेरच्यांसाठी: सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टात ती ५७ च्या वर गेली होती. पावसाळ्यात इथं माणसं भेटल्यावर "जेवलास का" च्या आधी "पाणी किती फुटांवर?" विचारतात. तर लग्नातून आले त्या रात्री ५०, आज ४३. आणि कुटुंबाच्या ग्रुपवर दिलीपचा फोटो पडला की? "कोयना धरणातनं विसर्ग वाढवला म्हणायचं." हसले. पहिल्या तासात एवढंच हसले, पण माणूस अजून विनोद करतोय हे बघून मला हायसं वाटलं.

झोपेचं काम फार अवघड गेलं नाही. रोज संध्याकाळी साडेसहा ते सात काळजीची वेळ ठरवली. जे काही दळायचं ते त्या अर्ध्या तासात, घाटावर बसून. रात्री तेच आलं तर "उद्या साडेसहाला" म्हणायचं. अंथरुणात वीस-एक मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, पण टीव्ही नाही. तीन आठवड्यांत तीनचे साडेचार झाले.

अवघड होती ती त्यांची गोष्ट. प्रत्येक वेळी ती त्याच शब्दांत यायची. २००४ मध्ये दोघांची ऑफिसरच्या बढतीसाठी निवड झाली. दिलीप विदर्भात गेला. अशोकरावांच्या वडिलांना आदल्याच वर्षी अर्धांगवायू झाला होता, धाकटा भाऊ पुण्यात, म्हणून यांनी नकार लिहून दिला. "वडिलांसाठी सोडलं मी सगळं." वाक्य पाठ असल्यासारखं यायचं, शेवटी आवाज थोडा खाली. वडील २०११ मध्ये गेले.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "२०११ नंतर बढतीची परिपत्रकं आली असतील ना?"

"आली की. दरवर्षी."

"मग?"

हा 'मग' वकिली होता. मला तो तोंडातून निघतानाच कळला. अशोकरावांनी घड्याळ बघितलं, खिशातून फीच्या नोटा काढल्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला करून टेबलावर ठेवल्या आणि गेले. पुढचे दोन आठवडे आले नाहीत. मी माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "प्रश्न बरोबर होता. घाई कुणाला होती?" मला होती. धागा सापडल्याचा आनंद फार वाईट.

तिसऱ्या आठवड्यात आले ते बसायच्या आधीच बोलू लागले. "त्या दिवशी तुमचा राग आला. घरी जाऊन हिला सांगितलं, मॅडम असं असं म्हणाल्या. तर ही काय म्हणावी? त्यांना आत्ता कळलं, मला तेरा वर्षं माहीत आहे."

मग जे आलं ते पाठ केलेलं नव्हतं. २००८ मध्ये एका छोट्या शाखेत सहा महिने ऑफिसरच्या जागी ऑफिशिएटिंग केलं होतं. थकीत कर्जापायी एका शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टर ओढून न्यायला उभं राहावं लागलं. त्याची आई पायरीवर बसून होती, एक शब्द बोलली नाही. शिवाय विमा पॉलिसीची टार्गेट. "गळ्यात मारायला मला जमत नाही. कॅश जुळवायला जमतं. संध्याकाळी जुळली की दुकान बंद, डोकं रिकामं. सहा महिन्यांनी परत काउंटरला आलो तेव्हा काय झोपलो होतो, मॅडम!"

वडिलांचं कारण खोटं नव्हतं. २००४ मध्ये ते शंभर टक्के खरं होतं. पण नंतरची वर्षं अशोकरावांनी स्वतःच्या मर्जीनं काउंटर निवडला आणि लोकांना, स्वतःलाही, त्याग म्हणून सांगितला. यात लबाडी नाही. "मला साहेब व्हायचं नाही" हे वाक्य आपल्याकडे पुरुषानं बोलायची सोयच ठेवलेली नाही. त्याला वडिलांचं आजारपण नाहीतर पोरांचं शिक्षण पुढं करावं लागतं. पण त्याग म्हटलं की बिल तयार होतं. पुण्याच्या भावानं ते फेडावं, बायकोनं कौतुकात फेडावं, निदान निवेदकानं एका फेट्यात तरी. कुणी फेडत नाही, कारण ज्याच्या त्याच्या लेखी ती उधारीच नसते.

म्हणूनच "समाधान मानून घ्या" या सल्ल्यावर माझा राग आहे. सगळे देतात, फुकट असतो. मानून घेतलेलं समाधान रात्री तीनपर्यंत टिकतं. अशोकराव वीस वर्षं तेच मानून घेत होते.

पुढच्या भेटीत मी त्यांना जमा आणि नावे असे दोन रकाने करायला सांगणार होते. वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, "क्लार्कला खतावणीच सुचवणार तुम्ही." रकाने राहिले. तोंडी सांगितलं, आणि त्या दिवशी मी फक्त गेलेल्या गोष्टी ऐकल्या. पगारातला फरक. पेन्शनमधला फरक. मुलीच्या शिक्षणासाठी काढलेलं कर्ज, जे कदाचित लागलं नसतं. गाडी. सगळ्यात शेवटी, खिडकीकडे बघत: "आणि साहेब म्हटलेलं आवडलं असतं की हो." डोळे भरले. मी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि गप्प बसले. 'पण तुमच्याकडे किती काय आहे' हे वाक्य अशा वेळी जिभेवर येतंच. ते गिळायला मला काही वर्षं लागली. मनापासून निवडलेल्या गोष्टीचीही किंमत पडते, आणि ती पडल्याचं दुःख करायला माणसाला कुणी सवडच देत नाही.

'च' चं काम मात्र केलं. विवेकनिष्ठ उपचारपद्धती अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली. त्यात इच्छा आणि हट्ट यांत फरक करतात, आणि मराठीत हा फरक दाखवायला एक अक्षर पुरतं. 'मला मान मिळायला हवा' ही इच्छा. नाही मिळाला तर वाईट वाटतं आणि जेवण होतं. 'मिळायलाच हवा' म्हटलं की जेवण राहतं. अशोकरावांनी दोन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणून बघितली. "एका अक्षराचे एवढे पैसे घेता?" पण पुढच्या आठवड्यात सांगत होते की बायकोशी भांडताना त्यांनी स्वतःचे सात 'च' मोजले. तिचे नऊ.

पुराची गोष्ट अशीच बोलता बोलता आली. २०१९ ला पाणी ओसरल्यावर लोक भिजलेल्या नोटा घेऊन शाखेत यायला लागले. एक म्हातारी तांदळाच्या डब्यात ठेवलेले पैसे घेऊन आली, चिखलानं त्यांची वडी झालेली. काउंटरवर ओढाताण केली तर तुकडे होणार. अशोकरावांनी तिला आत खुर्ची दिली आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक नोट सोडवली. आधी कडा, मग मधे बोट न लावता हळूच फुंकर, मग वर्तमानपत्राच्या दोन पानांमध्ये ठेवून पंख्याखाली. मला ते हातांनी करून दाखवत होते; अंगठा आणि तर्जनी हवेत, श्वास रोखलेला. "घाई केली की नोट जाते." चाळीसच्या वर नोटा निघाल्या. तीन फाटल्या, त्याही नियमात बसवून बदलून दिल्या.

पंधरा वर्षांपूर्वीची मी असते तर लगेच म्हणाले असते, बघा, हेच तुमचं खरं यश! म्हणजे दिलीपरावांना पहिला नंबर आणि यांना उत्तेजनार्थ बक्षीस. मी एवढंच विचारलं, "त्या दिवशी पाणी किती फुटांवर होतं? तुमचं?"

बराच वेळ विचार केला त्यांनी. "त्या दिवशी बघितलंच नाही."

दिवाळीत दिलीपराव सांगलीत आले होते. दोघं घाटावर भडंग खात बसले. हे ऐकताना माझ्या मनात एक लाजिरवाणी आशा होती: दिलीपरावांना मधुमेह निघावा, घरच्यांशी तुटलेपण असावं, "तूच सुखी रे बाबा" म्हणावं त्यांनी. गोष्टींमध्ये तसंच असतं. प्रत्यक्षात दिलीपराव मजेत होते. तब्येत झकास, बायको बरोबर राहते, मुलगा इंजिनिअर.

"त्याला ते आवडतं, मॅडम," अशोकराव म्हणाले. "मॅनेजरांना झापायचं, आकडे फिरवायचे, विमानानं मीटिंगला जायचं. सांगताना डोळे चमकतात त्याचे. मला दोन दिवसांत ताप आला असता. त्यानं मला विचारलं, तू का नाही आलास पुढं? मी म्हटलं, मला यायचं नव्हतं."

"वडिलांचं नाही सांगितलंत?"

"नाही." मग थोड्या वेळानं, "पहिल्यांदाच म्हटलं तसं. तो म्हणाला, बरं. एवढंच. आणि भडंग संपवलं."

हेवा गेला का, असं मी विचारलं. थोडा आहे म्हणाले, गाडीचा. प्रश्नावली पुन्हा भरून घेतली, गुण ११ वरून ४ वर आले होते. झोप साडेपाचपर्यंत. आम्ही भेटी थांबवल्या. गरज पडली तर फोन करायचा एवढं ठरलं.

लग्नसराईत एका रात्री साडेदहाला त्यांचा व्हॉट्सॲप आला. "आज भाचीचं लग्न. निवेदकाने परत दिलीपलाच बोलावलं. ३८ फूट."

मी काय लिहावं याचा विचार करत होते तेवढ्यात दुसरा आला.

"फेटा मी मांडवात शिरल्या शिरल्या फेटेवाल्याकडं जाऊन बांधून घेतला होता."